भेग दिसली की काय विचारायचं?

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १६ एप्रिल २००९ रोजी नव्या यांकी स्टेडियममध्ये मोसमातला पहिला बेसबॉल सामना झाला. बांधकामाचा खर्च सुमारे दीड अब्ज डॉलर. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, यांकी संघ अजिंक्यपदाच्या उंबरठ्यावर असताना, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी दिली की स्टेडियममधल्या काँक्रीटच्या रॅम्पना भेगा पडल्या आहेत. पहिला मोसमही अजून संपला नव्हता. हे रॅम्प म्हणजे प्रेक्षकांना एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेणारे रुंद उतार. सामना सुटला की हजारो माणसं एकाच वेळी त्यांवरून खाली येतात.

माझा भाचा न्यू जर्सीतल्या एडिसन गावात राहतो. त्याने बातमी मला पाठवली आणि मागोमाग फोन केला. “मावशी, तू जन्मभर काँक्रीट फोडत आलीस. पुढच्या मोसमाची तिकिटं काढायचा विचार आहे. पोरांना घेऊन जाऊ की नको, तेवढं सांग.”

काँक्रीट फोडणं हीच माझी नोकरी होती. पुण्यात बांधकाम साहित्य तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी स्थापत्य अभियंता म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. भाच्याला म्हटलं, “तू खुशाल जा. पण भेगेचा फोटो मला पाठवून उपयोग नाही. त्या रॅम्पचं काँक्रीट कोणी तपासलं, ते आधी सांग.” त्याला वाटलं मी प्रश्न टाळते आहे. मी टाळत नव्हते. नव्या इमारतीला भेग दिसली की लोक विचारतात, “पडेल का?” आणि जबाबदार माणसं उत्तर देतात, “नाही, काळजीचं कारण नाही.” यांकी क्लबच्या बाजूनेही तेव्हा हेच सांगितलं गेलं की सुरक्षिततेला धोका नाही. उत्तर बहुतेक वेळा खरं असतं. तरी लोकांचं समाधान होत नाही, आणि होऊही नये, असं माझं इतक्या वर्षांनंतरचं ठाम मत आहे.

आधी काँक्रीटबद्दल सांगते, कारण तिथे गैरसमज फार आहेत.

काँक्रीटला भेगा पडतातच. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी एकत्र झाल्यावर सिमेंटची पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं. पण कामगाराला मिश्रण हलवता, ओतता यावं म्हणून त्यात क्रियेला लागतं त्याहून जास्त पाणी असतं. हे जास्तीचं पाणी पुढे महिनोन् महिने उडत राहतं आणि काँक्रीट आकसतं. आकसणाऱ्याला मोकळीक नसेल, म्हणजे दोन्ही टोकांना बीम किंवा भिंतीने धरून ठेवलं असेल, तर ते फाटतं. दाबाला काँक्रीट दणकट आहे, ताणाला अगदी कच्चं. दाब सोसण्याच्या ताकदीच्या साधारण एक दशांश ताण आला की ते तडकतं. म्हणून तर त्यात सळई घालायची. भारतीय मानक आयएस ४५६ सुद्धा भेग पडणारच असं गृहीत धरूनच मर्यादा घालतं: सर्वसाधारण ठिकाणी भेगेची रुंदी ०.३ मिलिमीटरच्या वर नको, सतत ओल असेल तिथे ०.२ च्या वर नको. सळईवर गंज चढू नये, हा त्यामागचा मुख्य हेतू.

त्याहून लवकर दिसणारी भेग वेगळी. एप्रिलची दुपार, वारा सुटलेला, ट्रान्झिट मिक्सरची गाडी वाहतूक कोंडीत अडकून उशिरा आलेली. स्लॅब ओतून, पाटा फिरवून गवंडी चहाला जातात आणि तासाभराने परत येतात तो स्लॅबभर रेघा उमटलेल्या. मे महिन्यात तळ्यातला गाळ जसा फाटतो तशा. वरच्या थरातलं पाणी आतून येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त वेगाने उडालं की असं होतं. दर तासाला चौरस मीटरमागे एक किलोपर्यंत पाणी उडायला लागलं की धोका सुरू झाला असं मानतात. उपाय स्वस्त आहे: प्लॅस्टिकचा कागद पसरा, पाण्याचा फवारा धरा, नंतर गोणपाट टाकून निदान सात दिवस ओलं ठेवा. क्युरिंग म्हणतात ते हेच. बांधकामात सर्वांत कमी पैशांत होणारं हे काम, आणि सर्वांत जास्त टाळलं जाणारंही. गोणपाट भिजत ठेवायला माणूस लागतो आणि त्या माणसाची मजुरी बिलात वेगळी दिसत नाही.

भेग कुठे आहे आणि कुठल्या दिशेने धावते, हे तिच्या रुंदीपेक्षा जास्त बोलतं. बीमच्या मध्यावर, तळाकडून वर जाणाऱ्या उभ्या बारीक भेगा म्हणजे बीम भार घेतो आहे. त्या हिशेबात धरलेल्या असतात. आधाराजवळ, कॉलमपाशी, तिरकी भेग दिसली तर मी दुसऱ्या दिवसाची वाट पाहणार नाही, कारण ती कातर बलाची असू शकते आणि तसं अपयश सूचना न देता येतं. सळईला समांतर, सरळ रेषेत धावणारी आणि कडेला तांबूस डाग असलेली भेग म्हणजे आत गंज धरला आहे. जाळीसारख्या पसरलेल्या, खोल नसलेल्या भेगा दिसायला भयंकर, पण बहुतेक वरच्या थरापुरत्या. आणि भेग वाढते आहे का, हा सगळ्यांत साधा आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहायची. महिन्याने पाहायचं. भेग रेघेच्या पुढे गेली असेल तर ती जिवंत आहे. भेगेवर काचेची पट्टी चिकटवायचीही जुनी पद्धत आहे. भेग हलली की काच तडकते.

न्यूयॉर्कमध्ये एक गोष्ट जास्तीची, जी आपल्याकडे महाबळेश्वरलाही नाही. तिथे हिवाळ्यात भेगेत शिरलेलं पाणी गोठतं. बर्फ होताना पाण्याचं आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतं. पाणी गोठतं, वितळतं, पुन्हा गोठतं आणि भेग आतून रुंदावत जाते. त्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ. मीठ सळईपर्यंत पोचलं की गंजाला वेळ लागत नाही. म्हणून तिथल्या उघड्यावरच्या काँक्रीटमध्ये मुद्दाम हवेचे सूक्ष्म बुडबुडे मिसळतात, गोठणाऱ्या पाण्याला पसरायला जागा मिळावी म्हणून. रॅम्पवरची साधी भेगही तिथे दुर्लक्ष करण्यासारखी नसते. पहिल्याच वर्षी ती बुजवणं भाग असतं.

एवढं सगळं भाच्याला समजावल्यावर तो म्हणाला, “मग लोक इतके चिडलेत कशाला?”

लोक का चिडले हे समजायला काँक्रीट सोडून ब्राँक्सकडे पाहावं लागतं. स्टेडियमसाठी जागा घेतली ती मॅकॉम्ब्स डॅम पार्क आणि जॉन मुलाली पार्क या दोन सार्वजनिक उद्यानांची. ब्राँक्स हा न्यूयॉर्कचा गरीब भाग. दम्याचा त्रास तिथल्या मुलांमध्ये फार, आणि त्याच मुलांची खेळायची मैदानं २००६ मध्ये कुंपणाआड गेली. बदल्यात नवी मैदानं मिळतील असं वचन होतं. जुनं स्टेडियम पाडून त्या जागी केलेली मैदानं खुली व्हायला २०१२ उजाडलं. २००६ मध्ये दहा वर्षांचं असलेलं पोर तोवर सोळा वर्षांचं झालं. स्टेडियमसाठी पैसा उभा केला तो करमुक्त रोख्यांतून, म्हणजे करदात्याच्या खिशाला झळ लावून. आणि दार उघडलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या काही खुर्च्यांचं तिकीट होतं एका सामन्याला २,५०० डॉलर. टीव्हीवर त्या रांगा रिकाम्या दिसू लागल्या आणि एप्रिल संपायच्या आत तो दर निम्म्यावर आणावा लागला.

हे सगळं मनात घेऊन माणूस रॅम्पवरून उतरतो आणि त्याला पायाखाली भेग दिसते. त्याला आकसणं, क्युरिंग, हवेचे बुडबुडे यांतलं काही ठाऊक नसतं. त्याला एवढंच ठाऊक असतं की आपलं उद्यान गेलं, आपला पैसा गेला, आणि जे बांधलं ते वर्षभरही टिकलं नाही. आमच्या व्यवसायातली माणसं अशा वेळी चिडचिड करतात. “लोकांना काय कळतं? काँक्रीटला तडे जाणारच.” हे वाक्य मी असंख्य बैठकांत ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी मला त्याचा राग आला आहे. भेगेचं कारण सांगता येणं ही अभियंत्याची जबाबदारी आहे. ते लोकांना ठाऊक नसणं हा त्यांचा दोष नाही.

आणि न्यूयॉर्कमध्ये तर लोकांचा संशय हवेतला नव्हता. स्टेडियमच्या काँक्रीटची तपासणी ज्या प्रयोगशाळेकडे होती, त्या टेस्टवेल लॅबोरेटरीजवर ऑक्टोबर २००८ मध्येच, म्हणजे स्टेडियम उघडण्याआधी, मॅनहॅटनमध्ये आरोपपत्र दाखल झालेलं होतं. न केलेल्या चाचण्यांचे अहवाल दिले, केलेल्या चाचण्यांचे आकडे बदलले, असे आरोप होते. शहरातली कितीतरी मोठी कामं त्या यादीत होती. जागतिक व्यापार केंद्राच्या जागी उभा राहणारा टॉवरही त्यात होता. फेब्रुवारी २०१० मध्ये ज्यूरीने प्रयोगशाळेला आणि तिच्या मालकाला दोषी ठरवलं. पुढे २०११ मध्ये शहरातल्या आणखी एका काँक्रीट तपासणी प्रयोगशाळेवर अशाच आरोपांखाली खटला उभा राहिला. रॅम्पच्या भेगा आणि या खोट्या अहवालांचा थेट संबंध सिद्ध झाला असं मात्र कोणी म्हणू नये. बातमीतही ते स्पष्ट केलं होतं. संशयित इमारतींचं काँक्रीट नंतर पुन्हा तपासलं गेलं आणि धोका नसल्याचं अधिकाऱ्यांनी सांगितलं.

तरीही खोट्या अहवालांच्या बातमीने माझी झोप उडाली होती. ती का, ते सांगायचं तर तुम्हाला आमच्या प्रयोगशाळेत यावं लागेल.

काँक्रीट ओतताना त्याच गाडीतलं थोडं काँक्रीट काढून लोखंडी साच्यांत भरतात. आपल्याकडे १५० मिलिमीटरचा चौकोनी ठोकळा, ज्याला साइटवर सगळे क्यूब म्हणतात. अमेरिकेत उभा दंडगोल. क्यूबचं वजन आठ किलोच्या आसपास. दुसऱ्या दिवशी साचा उघडून क्यूब पाण्याच्या हौदात ठेवायचे. काही सातव्या दिवशी फोडायचे, बाकीचे अठ्ठाविसाव्या. सातव्या दिवशी साधारण दोन तृतीयांश ताकद आलेली असते. एका नमुन्याचे तीन क्यूब. आयएस ४५६ प्रमाणे पाच घनमीटरपर्यंतच्या कामाला एक नमुना, पंधरापर्यंत दोन, तीसपर्यंत तीन, पन्नासपर्यंत चार, त्यापुढे दर पन्नास घनमीटरला एक वाढवायचा.

अठ्ठाविसाव्या दिवशी क्यूब हौदातून काढून पुसायचा, वजन करायचं, यंत्राच्या दोन पोलादी पाट्यांमध्ये बरोबर मध्यावर ठेवायचा. क्यूब ज्या दिशेने भरला ती बाजू वर येऊ द्यायची नाही, आडवी करायची. मग भार सुरू. काटा एका चालीत चढतो. एम-२५ काँक्रीटच्या क्यूबने निदान ५७ टनांच्या आसपास भार झेलायला हवा. दोनेक मिनिटं काहीच घडत नाही. मग बाजूच्या पृष्ठभागावर उभ्या रेघा दिसू लागतात, कोपऱ्यांचे टवके उडतात, धप्प असा आवाज होतो आणि काटा खाली येतो. चांगला फुटलेला क्यूब उचलला तर चारही बाजू गळून पडतात आणि मधे टोकाला टोक लावलेले दोन पिरॅमिड उरतात. काटा जिथवर गेला तो आकडा नोंदवहीत जातो.

त्या आकड्यावर सगळं उभं असतं. इमारतीतलं काँक्रीट कोणी फोडून बघत नाही. क्यूब फोडला आणि इमारत तशीच आहे असं मानलं, एवढाच आमचा आधार. म्हणून नोंदवहीत खोटा आकडा लिहिणं हा माझ्या दृष्टीने या व्यवसायातला सर्वांत मोठा गुन्हा आहे, सिमेंट चोरण्याहून मोठा. सिमेंट चोरलेलं काँक्रीट क्यूब पकडतो. खोटा क्यूब काहीच पकडत नाही.

खोटी नोंदवही ओळखू येते. खऱ्या क्यूबांच्या ताकदीचे आकडे, चौरस मिलिमीटरला इतके न्यूटन या हिशेबात, विखुरलेले असतात: ३१.२, २८.७, ३३.५. एकाच गाडीचं काँक्रीट असूनही एका साच्यात खडी जास्त बसते, दुसऱ्यात हवा राहते. मानकही सरासरीच्या वर-खाली पंधरा टक्के फरक चालवून घेतं. खोट्या नोंदवहीत आकडे एका ओळीत उभे असतात: ३०.२, ३०.४, ३०.३, पानामागून पान. वजनंही सारखी. मला एकदा एका कामाची नोंदवही तपासायला मिळाली होती, तिच्यात अठ्ठाविसावा दिवस लक्ष्मीपूजनाला येत होता. प्रयोगशाळा बंद, यंत्राचा माणूस गावी, तरी त्या तारखेला तीन क्यूब फुटल्याची नोंद आणि खाली सही.

यांकी स्टेडियमच्या काँक्रीटची आणखी एक हकिगत आहे. २००८ च्या एप्रिलमध्ये एका वर्तमानपत्राने छापलं की बॉस्टनच्या संघाचा चाहता असलेल्या एका कामगाराने त्या संघातल्या डेव्हिड ऑर्टिझचा शर्ट, यांकींना अपशकुन व्हावा म्हणून, ओल्या काँक्रीटमध्ये पुरला आहे. क्लबने जागा शोधून काढली, जॅकहॅमर लावले, काही तास फोडाफोड करून शर्ट बाहेर काढला आणि पत्रकारांना दाखवला. पुढे लिलावात त्याला १,७५,१०० डॉलर आले आणि ते कर्करोग झालेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या निधीला गेले. पैसे चांगल्या कामाला गेले याचा मला आनंद आहे. पण ही हकिगत मी जागोजागी सांगते ती वेगळ्या कारणासाठी. मालकाच्या मनात आलं की काँक्रीट उघडून पाहता येतं, यंत्रं मिळतात, माणसं मिळतात, एका दिवसात होतं. तेच नागरिक म्हणतो, “काँक्रीटचा नमुना कापून दाखवा,” तेव्हा मात्र ते अशक्य, खर्चिक, अनावश्यक ठरतं.

रस्त्यापलीकडचं जुनं यांकी स्टेडियम १९२३ चं. त्याचं सिमेंट थॉमस एडिसनच्या कंपनीने पुरवलं होतं. होय, दिव्यावाले एडिसन. त्यांचा सिमेंटचा कारखाना न्यू जर्सीतच होता, आणि माझा भाचा राहतो त्या गावाला त्यांचंच नाव आहे. ते काँक्रीट पंचाऐंशी वर्षं प्रेक्षकांनी वापरलं. पण १३ एप्रिल १९९८ ला, सामन्याच्या काही तास आधी, वरच्या गॅलरीतल्या प्रसरण सांध्याचा सुमारे ५०० पौंडांचा पोलादी तुकडा खालच्या खुर्चीवर पडला. खुर्ची रिकामी होती, म्हणून निभावलं. सामना पुढे ढकलला गेला आणि त्या आठवड्यातला एक सामना क्वीन्समधल्या शे स्टेडियममध्ये हलवावा लागला. काँक्रीट टिकलं आणि सांधा सुटला. सांध्यांकडे कोणी पाहत नाही. भेग लोकांना दिसते, सुटत आलेला सांधा दिसत नाही. म्हणून भेग दिसली की तेवढ्या निमित्ताने सगळ्याच गोष्टींची तपासणी व्हावी, असा आग्रह लोकांनी धरणं मला योग्य वाटतं.

स्टेडियमचं वेगळेपण असं की घरात माणसं बसतात, स्टेडियमात ती एका ठेक्यात उड्या मारतात. गॅलरीच्या हिशेबात चौरस मीटरला चारशे ते पाचशे किलो भार धरतात, पण हजारो पाय एकाच तालात आपटले की गॅलरी डोलू लागते. एका जागी भार असणं आणि तालात भार असणं यात फार फरक आहे. आपल्याकडे २६ नोव्हेंबर १९९५ ला नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या विदर्भ क्रिकेट संघटनेच्या मैदानावर भारत-न्यूझीलंड सामना चालू असताना गॅलरीतली भिंत कोसळली आणि प्रेक्षकांचे जीव गेले. सामना त्याच दिवशी पुढे खेळला गेला. ते वाचून माझ्या आईने वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि म्हणाली, “खेळले कसे गं?” मला अजूनही तिला द्यायला उत्तर नाही. आणि १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला, सात जण गेले. त्याआधी झालेल्या स्ट्रक्चरल ऑडिटने त्याला किरकोळ दुरुस्त्या सुचवून वापरायोग्य ठरवलं होतं. कागदावर पूल उभा होता.

तर मग सामान्य माणसाने करायचं काय? आपल्याकडे एक तरतूद आहे, जिचा वापर फार कमी होतो. माहितीचा अधिकार म्हटलं की लोकांना कागदांच्या प्रती आठवतात. पण २००५ च्या कायद्यातल्या कलम २(जे) प्रमाणे नागरिकाला सरकारी काम प्रत्यक्ष पाहता येतं आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेता येतात. क्यूबची नोंदवही मागता येते. काँक्रीट ओतल्याच्या तारखा, गाड्यांच्या पावत्या, प्रयोगशाळेचं नाव, फोडल्याच्या तारखा मागता येतात. या चार गोष्टी शेजारी ठेवल्या की अर्ध्या खोट्या नोंदवह्या स्वतःच बोलू लागतात.

हे मी एका तालुक्याच्या गावात घडताना पाहिलं. तिथल्या नव्या क्रीडा संकुलाच्या गॅलरीच्या पायऱ्यांवर, थोड्या थोड्या अंतरावर आडव्या भेगा पडल्या. जिन्याच्या मधल्या टप्प्याखालीही एक भेग होती. कबड्डी खेळणाऱ्या पोरांनी ती पहिल्यांदा पाहिली. त्यांचे आईवडील जमले, एका निवृत्त शिक्षकांनी सह्या गोळा केल्या. साहेब आले, वाकून पाहिलं, “हेअरलाइन आहे” म्हणाले आणि गेले. आठवड्याभरात पायऱ्यांवर पुट्टी आणि वर लाल-पिवळा ऑइलपेंट आला. पहिल्या पावसाळ्यानंतर रंग त्याच रेषांवर फाटला. मग मात्र गाव पेटलं. शिक्षकांनी माहितीच्या अधिकारात नोंदवही मागितली आणि ती माझ्याकडे आणली. “बाई, आम्हाला इंजिनियरिंग कळत नाही, पण यात काही बरोबर आहे का तेवढं बघा,” असं म्हणाले. पायऱ्यांच्या क्यूबांचे आकडे खरे दिसत होते, विखुरलेले. जिन्याच्या टप्प्याचे आकडे एका ओळीत होते.

कोअर काढायचं ठरलं. कोअर म्हणजे पोकळ ड्रिलने इमारतीतूनच दंडगोल कापून घेणं आणि तो फोडणं. मानक सांगतं, निदान तीन कोअर हवेत. त्यांची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के तरी भरली पाहिजे आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको. ड्रिल चालू होतं तेव्हा निम्मं गाव मैदानात होतं. पायऱ्यांचे कोअर बसले. तिथल्या भेगा सांधे न ठेवल्यामुळे, क्युरिंगच्या हयगयीमुळे पडल्या होत्या. टप्प्याचा एक कोअर ७५ च्या बराच खाली आला आणि त्यात मधोमध पोकळी होती, व्हायब्रेटर नीट न फिरवल्याची खूण.

लोकांचा पायऱ्यांवरही विश्वास उरला नव्हता, म्हणून गॅलरीची भारचाचणी झाली. वाळूच्या गोण्या मोजून रचल्या, अपेक्षित गर्दीच्या सव्वापट वजन होईपर्यंत. गॅलरी किती वाकते ते मोजायला खाली डायल गेज लावले. चोवीस तास भार ठेवला, मग उतरवला आणि आणखी चोवीस तासांत गॅलरी किती परत वर येते ते पाहिलं. वाकलेल्यातलं निदान ७५ टक्के परत यावं लागतं. शिक्षक स्वतः गेजसमोर बसून दर तासाचं वाचन वहीत उतरवत होते, आणि पोरं पाळीपाळीने त्यांना चहा आणून देत होती. गॅलरी पास झाली. हे गावाने स्वतः पाहिलं, म्हणून कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची वेळ आली नाही.

पायऱ्यांतल्या भेगा इपॉक्सीने भरल्या आणि त्याचे पैसे कंत्राटदाराच्या अनामत रकमेतून कापले. जिन्याचा टप्पा फोडून नव्याने ओतला. त्या दिवशी गाडीतून काढलेल्या काँक्रीटचे क्यूब भरले तेव्हा प्रत्येक क्यूबच्या ओल्या माथ्यावर तारीख कोरली गेली आणि चिठ्ठीवर कनिष्ठ अभियंत्याच्या सहीखाली शिक्षकांची आणि कबड्डी संघाच्या कर्णधाराची सही घेतली.